सौ. भगवंतराव

“माह्यं नाव नको लिहू. त्याइचं तेवढं काप.”

तेल्हाऱ्याच्या घराच्या मागच्या अंगणात गवारीच्या शेंगा मोडत बसलेल्या आशाबाई अढाऊ हे इतक्या सहज बोलल्या, की समोर बसलेल्या भावनाला वाटलं, मावशीनं आपला प्रश्न नीट ऐकलाच नाही. ब्याऐंशी वर्षांची बाई, कानानं थोडी कमी. भावनानं पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं, की अकोल्याच्या मंडळाच्या फलकावर तुझं नाव लागावं म्हणून मी खटपट केली तर चालेल ना? मावशीनं हातातल्या शेंगेचा देठ खुडून बाजूला टाकला.

“आयकलं मी. भयरी नाई झाली अजून. माह्यं नाई लागलं तं नाई लागलं. पण त्याइचं तिथून निघाले पायजे. मी मराच्या आधी.”

त्याइचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं. तीन वर्षांपूर्वी वारलेल्या भगवंतराव अढाऊंचं. त्यांच्यावर चार पानं लिहून दे म्हणून तर भावनाला हे काम मिळालं होतं.

भावना गावंडे अमरावतीची. नवरा मनोज पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, मुलगी पुण्याला. स्वतः इतिहासात एम.ए. केलेलं, पण ते पोळ्या लाटता लाटता कुठल्याकुठे गेलेलं. अधूनमधून दिवाळी अंकात एखादा लेख यायचा, तेवढ्यावर सगळ्या गणगोतात ती ‘लिहिणारी’ ठरली होती. कुणाचं मानपत्र, कुणाची श्रद्धांजली, कुणाच्या तेरवीच्या पत्रिकेचा मजकूर, सगळं फिरून तिच्याच दाराशी यायचं. म्हणून जुलैत तिच्या मावसभावाचा, किशोरचा, फोन आला तेव्हा तिला नवल वाटलं नाही. अकोल्याच्या वऱ्हाड नेमबाजी मंडळाला साठ वर्षं होत होती. डिसेंबरात कार्यक्रम, स्मरणिका, सगळा थाट. मंडळाच्या दिवाणखान्यात एक लाकडी फलक आहे, त्यावर पिवळ्या अक्षरांत जुन्या विजेत्यांची नावं आहेत, आणि त्यात सासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट अशी सलग तीन वर्षं एकच नाव आहे : श्री. भगवंतराव अढाऊ. बाबांची बंदूक काचेच्या पेटीत ठेवायची म्हणतात, तू बाबांवर चांगलं लिही, असं किशोर म्हणाला. तेल्हाऱ्यात त्याचं बियाण्याचं आणि खतांचं दुकान. बाप म्हटलं की त्याचा आवाज साठाव्या वर्षीही सहावीतल्या पोराचा व्हायचा.

भावना म्हणाली, लिहिते. आणि लिहायचं म्हणजे आधी पाहायचं, अशी तिची जुनी खोड. अमरावतीच्या एका जुन्या वाचनालयात त्या काळच्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे होते. दुपारचं जेवण आटोपून ती तिथं जाऊन बसू लागली. कागद हात लावला की पापडासारखा तुटायचा. तिसऱ्या दिवशी सदुसष्ट सालच्या फेब्रुवारीत सहा ओळींची बातमी सापडली. अकोल्यात झालेल्या तबकडी-नेमबाजीत तेल्हारा येथील सौ. भगवंतराव अढाऊ यांनी पंचवीसपैकी बावीस तबकड्या फोडून चषक जिंकला.

भावनानं ती बातमी वहीत उतरवून घेतली. ‘सौ.’ खोडून ‘श्री.’ केलं आणि कंसात लिहिलं, छापील चूक.

ही चूक भावनाची होती, छापखान्याची नव्हती. हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण अडुसष्टच्या गठ्ठ्यातही तेच छापलेलं होतं. सौ. भगवंतराव अढाऊ. खिळे जुळवणाऱ्याची बोटं एकदा चुकतील. बरोबर वर्षानं, त्याच नावापुढे, तीच चूक कशी होईल? ती पेन बंद करून बसून राहिली. तिच्या आईला येणारी पत्रं तिला आठवली. सौ. वामनराव. पत्र आईचं, पत्ता आईचा, पण पाकिटावर नाव बाबांचं आणि त्याच्यापुढे सौ. चिकटवलेलं. चांगल्या घरच्या बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, मग छापायचं कुठून? नवऱ्याच्या नावावर सौ.चा पदर ओढला की झाली बाई.

मग तिला आई, पार्बताबाई, काय सांगायची ते आठवलं. वलगावच्या शेतात रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं शिरायची म्हणून आजोबांकडे बंदुकीचा परवाना होता. आजोबांना दम्याचा त्रास. मचाणावर त्यांच्याबरोबर धाकटी चंदी जायची. बाप खोकत बसायचा, चंदी डाव्या खांद्याला बंदूक लावायची. “चंदी डावखुरी होती ना. जेवतानी माय तिच्या डाव्या हातावर पळी मारे,” आई सांगायची, “पण डुकरावर कोण पळी मारते?” भावनाला लहानपणी ही नुसती गंमत वाटायची. चंदी म्हणजे चंदा, आईची धाकटी बहीण. लग्नात तेल्हाऱ्याच्या लोकांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं आशा, आणि त्या दिवसापासून चंदाला हाक मारणारं माणूस माहेरात काय ते उरलं.

म्हणून ऑगस्टात भावना तेल्हाऱ्याला आली होती. मोठ्या उत्साहात आली होती. आणि मावशी म्हणत होती, त्याइचं काप.

त्या दुपारी गवार मोडून झाली, निवडून झाली, तरी मावशी बोलत राहिली. भगवंतराव वाईट होते असं ती एकदाही म्हणाली नाही. उलट, बंदूक हातात त्यांनीच दिली. त्यांना शौक होता. सहा फूट माणूस, मंडळात नाव घातलं, विलायती दोन नळीची बारा बोरची बंदूक घेतली, पण हवेत उडवलेली मातीची तबकडी काही त्यांना फुटेना. शेतात सराव करताना बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. एकदा सात तबकड्या गेल्या, सातही अख्ख्या जमिनीवर पडल्या, आणि तिला हसू फुटलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, हसतेस तर ये, तू मार. तिनं मारली. दुसरी मारली. तिसऱ्या वेळी त्यांनी तांब्या तिच्याजवळून घेतला आणि स्वतः पाणी प्यायले.

मग त्यांनीच अकोल्याच्या गुलाम नबी मिस्त्रीकडून बंदुकीला तिच्या मापाचा दस्ता, खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, करून आणला. सासूनं अट घातली ती एकच. बंदूक चालव, पण डोक्यावरचा पदर ढळता कामा नये. पदर अंबाड्याला पिनेनं टाचून, खांद्यावर गोधडीचा तुकडा घडी करून ती उभी राहायची. तबकडी सोडायची खूण म्हणून बाकीचे गडी ओरडायचे. सासरच्या माणसांसमोर सुनेनं ओरडायचं कसं? ती पाय आपटायची. जोडवी वाजली की यंत्रावरचा माणूस तबकडी सोडायचा. किशोर तेव्हा दोन वर्षांचा, आजीच्या कडेवर.

“मंग तीन साल झाले,” मावशी म्हणाली. “सत्तर साली मंडळवाल्याइनं हाल बांधला. फळा लावला. आमी दोघं गेलो. मले मागं बायकाइत बसवलं. फळ्यावरचा कपडा काढला तं मले काही वाचता येईना एवढ्या दुरून. मंग माईकवर नाव घेतलं, अन् हे उठले. हार घालून घेतला. मले वाटलं, आता सांगतीन. हारच घातला ना, उतरवून सांगता येते.”

रंगाऱ्याला यादी दिली होती, त्यात सौ. भगवंतराव असं होतं. रंगाऱ्याला वाटलं, बंदूक आणि सौ.? त्यानं आपल्या अकलेनं श्री. केलं. भावनानं वहीतलं आपण खोडलेलं ‘सौ.’ काढून पाहिलं. त्या रंगाऱ्याच्या हातात आणि तिच्या हातात पंचावन्न वर्षांचं अंतर होतं, बाकी फरक नव्हता.

परतताना एसटीत मावशीनं नवऱ्याला विचारलं, सांगितलं का नाही? भगवंतराव म्हणाले, अगं, आपलं काय वेगवेगळं आहे काय?

“मी म्हणलं, नाई ना वेगळं? मंग उद्या ब्यांकेत आशा म्हणून सही करून पाहा.” मावशी हे सांगताना हसली नाही. “त्याच्यानंतर हात नाई लावला मी बंदुकीले. त्याइनंही नाई म्हटलं का चाल. लोक विचारत, भगवंतराव, आता काहून नाई येत मैदानावर? तं हे म्हणत, खांदा दुखते.”

बावन्न वर्षं तो खांदा दुखत राहिला. लोकांना खराच वाटला.

भावनानं त्या दिवशी मनाशी ठरवलं, की मावशी म्हणते तेच करायचं. फलकावरची तीन श्री. निघाली पाहिजेत. नुसत्या सहा ओळींच्या बातमीवर कुणी ऐकणार नाही म्हणून ती अकोल्याला गुलाम नबी मिस्त्रीचं दुकान शोधत गेली. दुकान कधीच बंद पडलेलं, मिस्त्री जाऊन तीस वर्षं झालेली. पण त्यांची नात गजाला जवळच राहत होती. उर्दू शाळेत शिकवणारी, चाळिशीची, बोलायला ठसठशीत. तिनं आधी भावनाला बसवलं, चहा दिला, आणि मग सगळं ऐकून म्हणाली, दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, मापांच्या उर्दू वह्या आहेत, अब्बांनी फेकू दिल्या नाहीत, पण वाचणार कोण?

वाचलं तिनंच. दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी चौथ्या वहीत ती थांबली आणि तिनं बोट ठेवलं. “अढाऊ साहब, तेल्हारा। घर से। कुंदा डेढ़ इंच कम। बायाँ कंधा।”

कुंदा म्हणजे बंदुकीचा दस्ता. दीड इंच आखूड, डाव्या खांद्याचा. सहा फुटी, उजव्या हाताच्या भगवंतरावांनी तो खांद्याला लावला असता तर कोपर पोटात गेलं असतं. पण भावनाचं लक्ष मधल्या दोन शब्दांवर अडकलं. घर से म्हणजे काय? घरून आणली?

गजाला हसली. “नाही हो भाभी. आमचे दादा शिलाई मशीनपण दुरुस्त करायचे. हे बघा ना.” तिनं पानं उलटवून दाखवली. “देशमुख साहब, घर से, मशीन की सुई अटकती है. वकील साहब, घर से, अडकित्ता. साहब लोकांच्या घरचं बाईमाणूस. त्यांचं नाव घेणं बेअदबी, म्हणून घर से. पूर्ण वहीत घर से म्हणजे मशीन, कैची, अडकित्ता. अन् एक बंदूक.”

भावनानं त्या पानाचा फोटो घेतला. एकीकडे सौ., दुसरीकडे घर से. दोघांनीही मावशीचा मान राखला होता.

बंदूकही तिनं पाहिली. भगवंतराव गेल्यापासून ती पोलीस ठाण्यात जमा होती, आणि किशोर कागदपत्रांसाठी गेला तेव्हा भावना मुद्दाम बरोबर गेली. हवालदारानं टेबलावर ठेवली, हात लावू दिला नाही. दस्ता आखूड होता, एखाद्या मुलाची बंदूक असावी असा. आणि त्याची उजवी बाजू, जिथं डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा गाल टेकतो, तेवढीच जागा घासून गुळगुळीत झालेली होती. किशोर म्हणाला, बाबांची बंदूक कशी जपून ठेवली बघ. भावना म्हणाली, किशोरभाऊ, एकदा खांद्याला लावून पाहा ना मनातल्या मनात.  त्याची नजर दस्त्यावरून हलली नाही हे तिनं पाहिलं. त्याला तेव्हाच कळलं असावं. की आधीपासूनच माहीत होतं?

मंडळाचे सचिव नत्थुजी तराळे निवृत्त मुख्याध्यापक. सप्टेंबरात भावना त्यांच्याकडे गेली. बातम्यांच्या नकला, वहीच्या पानाचा फोटो, गजालाच्या हातचं भाषांतर, सगळं तिनं त्यांच्यापुढे मांडलं. ती भांडायच्या तयारीनं गेली होती. नत्थुजींनी चष्मा लावून सगळं शांतपणे वाचलं, आणि चष्मा काढून म्हणाले, की हे तर आम्हाला माहीतच आहे.

भावनाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

नत्थुजी म्हणाले, की सत्तर साली ते स्वतः तिथं स्वयंसेवक होते. जुन्या सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनींचा नेम म्हणजे काय सांगू, भावनाताई. पण भगवंतराव काही बोलले नाहीत, तर आपण कोण बोलणार? नवरा-बायकोतली गोष्ट. पुराव्याचं सोडा हो, पुरावा चोखच आहे. तुम्ही फक्त घरच्यांचं पत्र आणा. किशोररावांनी लिहून द्यावं, की वडिलांचं नाव कमी करायला आमची हरकत नाही. मी दुसऱ्या दिवशी रंगारी लावतो.

घरच्यांचं पत्र. ज्या बाईनं चषक जिंकले, ती घरच्यांत धरली जात नव्हती का, असं भावनानं विचारलं. नत्थुजी म्हणाले, तसं नाही, पण वारस म्हणून मुलाचं असलं की बरं.

किशोर पत्र देईना. आधी दुकानात गर्दी होती, मग सोयाबीनची धावपळ, मग दिवाळी. भावना फोन करायची, तो म्हणायचा, पाहतो. नोव्हेंबरात नत्थुजींचाच फोन आला. आवाजात फार हळहळ होती. किशोरराव येऊन गेले म्हणे. सांगून गेले, की आईला आता भ्रम होतो, जुन्या गोष्टी कुठल्या कुठं जोडते, तिच्या बोलण्यावर जाऊ नका. भावनाताई, अशा वयात व्हायचंच. तुम्ही तो विषय राहू द्या. लेख मीच लिहितो.

भावना दुसऱ्या सकाळच्या गाडीनं निघाली ती दुपारी तेल्हाऱ्याला पोचली. घरात पाऊल टाकलं तर किशोर पुढच्या खोलीत, बापाच्या चंदनाचा हार घातलेल्या फोटोखाली, हातात कागद घेऊन बसलेला, आणि मावशी समोरच्या खुर्चीवर. तो मंडळाच्या पत्राचा कागद नव्हता. जिल्ह्याच्या कचेरीतून नोटीस आली होती. मयत परवानाधारकाची बंदूक ठाण्यात पडून आहे. तीस नोव्हेंबरपर्यंत सगळ्या वारसांची संमती द्या, नाहीतर शस्त्र सरकारजमा होऊन नष्ट केलं जाईल. वारस दोघंच, मुलगा आणि बायको. मुलाची सही झाली होती. बंदूक किशोरच्या नावावर झाली की मंडळाच्या काचेच्या पेटीचं पुढं पाहता येणार होतं. आईची सही तेवढी राहिली होती.

भावनाला पाहून किशोरचा चेहरा कडू झाला. “आली पत्रकार.”

“भाऊ, तू नत्थुजींना काय सांगितलंस?”

“जे सांगायचं ते सांगतलं.” मग तो आईकडे वळला, आणि त्याचा आवाज उतरला. “माय, तीन साल झाले बाबाले जाऊन. आजही कोणी भेटला तं म्हणते, अढाऊ म्हणजे नेम. आता मी गावात फिरू काय सांगत, का माहा बाप खोटा होता म्हणून?”

“खोटा नोता,” मावशी म्हणाली. “चूप होता.”

 मग मावशीनंच सौदा मांडला, बाजारात वांगी घेताना मांडावा तसा. तू तिकडं सही कर, मी इकडं करते. पत्र लिही, मंडळाला पाठव, नत्थ्यानं फळा पुसला की मी या कागदावर जिथं म्हणशील तिथं सही करते. बंदूक ठेव, पेटीत ठेव, तुझ्या लेकराला दे. नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय माझं काही अडलं नाही, त्यांचं नाव निघाल्यानं त्यांचंही अडणार नाही.

किशोरनं नकारार्थी मान हलवली. कागद तिच्या मांडीवर ठेवला, पेन वर ठेवलं. सही कर माय, तारीख जवळ आली, असं तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

मावशीनं पेन उचलून त्याच्या खिशाला परत लावलं.

“भरम झालेल्या बाईची सही चालते काय रे, किशोर?”

त्याचं तोंड उघडं राहिलं. हे तिच्यापर्यंत पोचेल असं त्याला वाटलं नव्हतं. पोचवलं होतं भावनानं, आदल्या दिवशी फोनवर, रागाच्या भरात. नंतर तिला त्याचं वाईट वाटलं, पण ते नंतर.

पुढचे पंधरा दिवस भावना उलट्याच बाजूनं बोलत राहिली. आता तीच मावशीला म्हणू लागली, सही कर. बंदूक वाचव. तो दस्ता आहे, ती घासलेली जागा आहे, उद्या कुणी विचारलं तर बोट ठेवायला काहीतरी पाहिजे. ती गेली तर तुझ्या बाजूनं कागदाशिवाय काही उरणार नाही. फोनवर मावशी ऐकून घ्यायची आणि दुसरंच विचारायची, मुलीचं काय, मनोजरावांचे गुडघे कसे आहेत. एकदा मात्र बोलली.

“पुरावा कोणाले द्याचा हाय तुले? ज्याइले द्याचा, त्या सगळ्याइले मालूम हाय. किशोरले मालूम हाय. नत्थ्याले मालूम हाय. ज्याइनं हार घातला त्याइले मालूम होतं. ज्याले मालूम नाई तो तं कोणी इचारतच नाई.”

 इतिहासाच्या एम.ए.त तिला शिकवलं होतं की पुरावा मिळाला की गोष्ट उभी राहते.

तीस नोव्हेंबर रविवारी आला, म्हणून कचेरीची मुदत सोमवारी संध्याकाळी संपणार होती. त्या दिवशी भावना तेल्हाऱ्याला जाऊन राहिली. मावशी अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती, भावना समोर बसून सोलू लागली. किशोर दोन वेळा दुकानातून घरी येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा दारात उभा राहिला, आत आला नाही. सव्वापाच वाजले होते. अजून त्यानं म्हटलं असतं, की देतो पत्र, तर मावशीनं सही केली असती, आणि नत्थुजींच्या ओळखीनं एक दिवस मागेपुढे झालं असतं. भावनाला ते माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तो शेंगांच्या ढिगाकडे पाहत उभा राहिला. तो हुबेहूब भगवंतरावांसारखा दिसत होता, उंच, देखणा, आणि चूप.

“बाबाची आखरी वस्तू होती ते, माय,” तो शेवटी म्हणाला.

“त्याइची कुठं होती,” मावशी म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.

बंदूक कापली गेली म्हणे जानेवारीत. तशा बऱ्याच होत्या, एका दिवसात सगळ्या झाल्या. हवालदारानं किशोरला सांगितलं, किशोरनं कुणाला सांगितलं नाही, भावनाला ते दुकानातल्या माणसाकडून कळलं.

डिसेंबरातला कार्यक्रम त्याआधीच झाला होता. काचेची पेटी करून घेतलेली, तिच्यात भगवंतरावांचा कोट आणि काठी ठेवली. फलक नव्यानं रंगवला, पिवळ्याऐवजी सोनेरी अक्षरं केली. श्री. तीनदा चमकत होतं. स्मरणिकेत नत्थुजींचा लेख होता, चार पानी, आणि शेवटी माहितीसाठी सौ. भावना मनोज गावंडे यांचे आभार. भावनानं स्मरणिका नेऊ नये असंच ठरवलं होतं, पण मावशीनंच मागवली. मोतीबिंदूमुळे तिला वाचता येत नव्हतं. भावनानं वाचून दाखवलं. बालपण, शौक, तीन चषक, खांद्याची दुखापत. मग एक वाक्य आलं, तिथं ती अडखळली.

“वाच ना.”

“‘या सगळ्या वाटचालीत त्यांना पत्नी सौ. आशाबाई यांची मोलाची साथ लाभली.’”

“साथ,” मावशी म्हणाली. “साथ म्हणजे काय केलं म्हणते मी?”

“ते लिहिलं नाही.”

“ल्ह्याले पायजे होतं.” ती म्हणाली. “बाई काय करते म्हणून लोकाइले समजलं असतं. पाणी देत होती तांब्यानं, असं तरी.”

किशोर तेव्हाच जेवायला घरी आला होता. मावशीनं भावनाच्या हातातून स्मरणिका घेतली, त्याच्या ताटाशेजारी ठेवली, आणि वरणाची वाटी भरली. आता त्या घरात मायलेक एवढंच बोलतात. मीठ कमी आहे का, गोळी घेतली का, दार लावलं का. तो विचारतो, ती “हाव” म्हणते.